न विकण्यासाठी उभारलेली कंपनी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेला, वेस्ट ब्रिजवॉटर नावाचे गाव आहे. ‘इक्वल एक्स्चेंज’ या कॉफी कंपनीचे कार्यालय, गोदाम आणि कॉफी भाजायची भट्टी तिथे आहे. जगाच्या कॉफीबाजारात या कंपनीचा हिस्सा नगण्य म्हणावा इतका. मोठ्या कंपन्या एका हंगामात जेवढा माल उचलतात, त्याच्यापुढे हिची वर्षभराची खरेदी कुठेच बसत नाही. तरीही कॉफीचा धंदा गरिबाच्या उपयोगी कसा पडतो, हा विषय निघाला की तिचे नाव टाळता येत नाही. वर्षअखेरीला नफ्यातून चार पैसे बाजूला काढून दान करणारे व्यापारी पुष्कळ असतात. या कंपनीने मदतीची जागाच बदलली. खरेदीचा भाव, हंगामाआधीची उचल आणि कंपनीची मालकी या तीन गोष्टींतच तिने मदत बसवली. १९८६पासूनची तिची वाटचाल म्हणजे या तीन गोष्टी टिकवण्यासाठी केलेली धडपड आहे.

तीन मित्र आणि अडवलेला माल

रिंक डिकिन्सन, मायकेल रोझीन आणि जोनाथन रोझेन्थल हे तिघे न्यू इंग्लंड भागातल्या ग्राहक सहकारी दुकानांना माल पुरवणाऱ्या एका गोदामात काम करत होते. जवळपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला, धान्य थेट ग्राहकापर्यंत जावे, मधली साखळी आखूड व्हावी, ही त्या दुकानांची चळवळ. तिघांना प्रश्न पडला तो दूरच्या मालाचा. कॉफी, चहा, साखर, कोको, केळी हे सगळे गरीब देशांतून येते आणि रोज प्रत्येक घरात लागते. ते पिकवणाऱ्याच्या हाती काय पडते, हे मात्र विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. या प्रश्नावर तिघे तीन वर्षे दर आठवड्याला बसून बोलत राहिले. मग नोकऱ्या सोडल्या, मित्र आणि नातेवाईक यांच्याकडून सुमारे एक लाख डॉलर गोळा केले आणि देणाऱ्यांना आधीच बजावून सांगितले, की हे पैसे बुडण्याचीच शक्यता जास्त आहे.

पहिला माल निवडतानाच त्यांनी सरकारशी वाकडे घेतले. निकाराग्वात १९७९मध्ये सांदिनिस्ता क्रांतिकारकांनी सोमोसाची हुकूमशाही उलथून टाकली होती. रेगन सरकार त्यांच्या विरोधातल्या बंडखोरांना पोसत होते आणि मे १९८५मध्ये अमेरिकेने निकाराग्वाशी सगळा व्यापार बंद केला. झळ बसली ती डोंगरात कॉफी पिकवणाऱ्या कुटुंबांना. तिघांनी नेमकी हीच कॉफी आणायचे ठरवले. बंदीच्या हुकमात एक फट होती. कॉफी ज्या देशात भाजली जाते, त्या देशाचा माल ती धरली जाई. नेदरलँड्समधल्या पर्यायी व्यापार करणाऱ्या मंडळींनी निकाराग्वाची कॉफी भाजून दिली आणि ‘कॅफे निका’ या नावाने ती डच माल म्हणून बॉस्टनच्या बंदरात उतरली. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ती तिथेच अडवून ठेवली. पुढची दोन वर्षे वकिलांच्या चकरा, अर्ज आणि सुनावण्या यांत गेली.

नव्या धंद्याला असला खर्च परवडत नाही. पण या झगड्याने कंपनीला पहिले ग्राहक मिळवून दिले. मध्य अमेरिकेतल्या युद्धाला विरोध करणारे शिक्षक, पाद्री आणि विद्यार्थी ‘कॅफे निका’ मागून घेऊ लागले. पहिली तीनेक वर्षे तोटाच झाला. तरी पैसे देणारे गप्प राहिले, कारण त्यांना आधीच खरे सांगितलेले होते.

डोंगरावरचा सौदा

ही कंपनी नेमके काय वेगळे करत होती, हे समजायला कॉफीच्या व्यवहाराची पहिली पायरी पाहायला हवी. मध्य अमेरिकेत दोन-तीन एकरांचा धनी असलेला शेतकरी घ्या. त्याची झाडे डोंगरउतारावर, केळी आणि इतर झाडांच्या सावलीत असतात. फळे एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे हंगामात त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन फक्त लालभडक झालेली फळे हाताने खुडावी लागतात. कमरेला बांधलेली टोपली भरली की पोत्यात रिकामी करायची. संध्याकाळी घरी येऊन हाताने फिरवायच्या यंत्रातून फळांची साल काढायची. ती त्याच दिवशी काढली नाही, तर माल खराब व्हायला लागतो. मग चिकट गर सुटावा म्हणून बिया रात्रभर हौदात ठेवायच्या, सकाळी धुवायच्या आणि खळ्यावर पसरून वाळवायच्या. पाऊस आला की धावत जाऊन झाकायच्या. पाच-सहा किलो फळांमागे किलोभर हिरवी कॉफी हाती येते.

इतके करून शेतकऱ्याकडे माल साठवायला जागा नाही, गावातून बाजारापर्यंत न्यायला गाडी नाही आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात आज काय भाव फुटला, हे कळायची सोय नाही. दलालाला हे सगळे ठाऊक असते. मेक्सिकोपासून निकाराग्वापर्यंत या दलालाला ‘कोयोटे’ म्हणतात. कोयोटे हा कोल्ह्याच्या जातीतला लबाड प्राणी, तेव्हा फोड करून सांगायची गरज नाही. हा दलाल हंगामाआधीच्या चणचणीच्या महिन्यांत मक्यासाठी, औषधपाण्यासाठी उसने पैसे देतो आणि पीक आले की सांगेल त्या भावाने उचलून नेतो. उसाच्या फडावरची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

‘इक्वल एक्स्चेंज’ने या साखळीतल्या तीन कड्या बदलल्या. पहिली, एकट्या शेतकऱ्याकडून माल न घेता शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून घ्यायचा. संस्थेकडे गोदाम असते, ट्रक असतो, मालाची प्रत तपासणारा माणूस असतो. दुसरी, बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या किमान भावाखाली जायचे नाही, आणि बाजार त्या भावाच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा. तिसरी, संस्थेने मागितले तर करारातल्या रकमेपैकी साठ टक्क्यांपर्यंत पैसे हंगामाआधीच द्यायचे. दलालाची पकड सुटते ती मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीमुळे. ज्या कुटुंबाला पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांत संस्थेकडून उचल मिळते, त्याला पीक दलालाच्या नावावर लिहून द्यावे लागत नाही.

भाव पडला तेव्हा

किमान भावाची कसोटी लवकरच लागली. जगातल्या कॉफी पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांचा एक करार होता. कोणत्या देशाने किती माल बाजारात आणायचा, याचे कोटे त्यात ठरवलेले असत. जुलै १९८९मध्ये हे कोटे मोडीत निघाले. साठवलेला माल एकदम बाजारात आला आणि काही महिन्यांतच भाव कोसळला. पुढे व्हिएतनामने अफाट लागवड केली. ब्राझीलचे पीकही वाढत गेले. २००१च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये अरेबिका कॉफीचा भाव पौंडाला ४५ सेंटांच्या आसपास आला. एवढ्यात फळे खुडण्याची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. निकाराग्वात मळे ओस पडले आणि काम गेलेले मजूर बायकापोरांसह रस्त्याच्या कडेला पालं ठोकून राहिले. मेक्सिकोतल्या चियापास, ओआहाका भागांतून तरुण उत्तरेकडे अमेरिकेच्या वाटेला लागले.

त्या काळात न्याय्य व्यापारातला, म्हणजे ‘फेअर ट्रेड’मधला, किमान भाव पौंडाला १ डॉलर २६ सेंट होता. त्यातले पाच सेंट संस्थेच्या सामाईक कामासाठी असत. सेंद्रिय मालाला आणखी पंधरा सेंट मिळत. बाजारभावाच्या जवळजवळ तिप्पट पैसे देऊन कॉफी विकत घ्यायची आणि तरी दुकानात ती इतरांच्या बरोबरीने विकायची, हे गणित साधे नव्हते. कंपनीने ते आपला नफा कमी ठेवून, जाहिरातीवर खर्च न करून आणि मालाची प्रत वाढवून सोडवले. एल साल्वादोरमधल्या ताकुबाजवळच्या ‘लास कोलिनास’ या संस्थेची कथा त्या काळातली आहे. १९८०च्या जमीन सुधारणेत मळ्यावर राबणाऱ्या मजुरांना तो मळा मिळाला, पण त्याबरोबर कर्जाचा डोंगरही मिळाला. भाव पडलेल्या वर्षांत हे कर्ज त्यांना घेऊन बुडाले असते. सेंद्रिय मालाचा आणि न्याय्य व्यापाराचा भाव मिळत राहिला म्हणून मळा त्यांच्या हातून गेला नाही.

मालक कोण?

शेतकऱ्याला न्याय देणाऱ्या कंपनीत कामगारांवर अन्याय होत असेल, तर तो दुटप्पीपणा. संस्थापकांनी हे सुरुवातीलाच ओळखले आणि १९९०मध्ये कंपनीची रचना कामगारांच्या सहकारी संस्थेसारखी केली. नवा माणूस वर्षभर काम करतो. मग इतर सभासद मतदान करतात आणि त्याला सभासद करून घेतात. प्रत्येकाने एकच शेअर घ्यायचा, आणि तो कोणीही असो, मत एकच. गोदामात पोती उचलणारा आणि हिशेब सांभाळणारा यांच्या मताचे वजन सारखे. संचालक मंडळात नऊ जण असतात. त्यांत सहा कामगार आणि तीन बाहेरचे. सर्वांत जास्त पगार सर्वांत कमी पगाराच्या चौपटीहून अधिक नसावा, हा दंडक बरीच वर्षे पाळला गेला. कंपनी वाढल्यावर अनुभवी माणसे टिकवण्यासाठी तो सैल करावा लागला, पण प्रमाण बांधून घेण्याची पद्धत सोडली नाही.

महाराष्ट्राला सहकार नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी दाखवून दिले, की शेतकरी कारखान्याचा मालक होऊ शकतो. मात्र आपल्या त्या रचनेत ऊस घालणारा सभासद असतो, कारखान्यात काम करणारा नसतो. इथे दोन्ही टोकांना सहकार आहे. डोंगरावर शेतकऱ्यांची संस्था, शहरात कामगारांची संस्था, आणि दोघांत करार. कोणी कोणाचा आश्रित नाही.

खरी चतुराई भांडवलाच्या कलमांत आहे. कॉफीच्या धंद्याला पैसा लागतो. हंगामाआधी उचल द्यायची आणि माल विकून पैसे यायला अनेक महिने थांबायचे, तर बाहेरचे भांडवल हवेच. कंपनीने ते घेतले, पण आपल्या अटींवर. बाहेरच्या गुंतवणूकदाराला बरीच वर्षे दरसाल पाच टक्क्यांच्या आसपास लाभांश मिळाला. त्याला संचालक निवडण्याचा हक्क नाही आणि शेअरची किंमत वाढून गबर होण्याचीही सोय नाही. जितक्याला घेतला, तितक्यालाच परत. बॉस्टनमधल्या एका बँकेने तर कंपनीसाठी खास मुदतठेव काढली. कंपनी बुडाली तर आपली ठेव जाईल, हे मान्य करूनच ठेवीदार पैसे ठेवत.

आणि सर्वांवर कडी म्हणजे विक्रीचे कलम. उद्या सभासदांनी कंपनी विकायची ठरवली, तर कर्ज आणि गुंतवणूकदारांची रक्कम फेडून उरलेला सगळा पैसा त्यांना वाटून घेता येत नाही. तो न्याय्य व्यापार करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यावा लागतो. म्हणजे विकण्याचा मोहच उरत नाही. १९९०नंतर सामाजिक हेतूने निघालेले अमेरिकेतले कितीतरी छोटे उद्योग मोठ्या कंपन्यांनी गिळले. संस्थापकांना घसघशीत रक्कम मिळाली आणि हेतू पाकिटावरच्या मजकुरापुरता उरला. इथे तो रस्ताच कलमाने बंद केलेला आहे.

रविवारची कॉफी

माल चांगला, भाव न्याय्य, पण तो खपायचा कसा? सुरुवातीला सहकारी दुकाने आणि छोटी उपाहारगृहे एवढेच गिऱ्हाईक होते. मोठी चालना १९९६मध्ये मिळाली, जेव्हा ‘लुथेरन वर्ल्ड रिलीफ’ या मदतकार्य करणाऱ्या संस्थेबरोबर कंपनीने एक उपक्रम सुरू केला.

अमेरिकेतल्या बहुतेक चर्चमध्ये रविवारची प्रार्थना संपली की लोक मागच्या दालनात जमतात. लांब टेबलावर कॉफीची मोठी भांडी उकळत असतात, कोणीतरी घरून केक आणलेला असतो, म्हातारीकोतारी माणसे कागदी पेले हातात घेऊन उभ्या उभ्या आठवड्याच्या गप्पा मारतात. ही कॉफी बहुधा किराणा दुकानातल्या सर्वांत स्वस्त डब्यातली असे. प्रश्न साधा होता. गरिबांसाठी प्रार्थना आणि वर्गणी केल्यानंतर दहा पावलांवर जी कॉफी प्यायची, ती त्याच गरिबाला नाडून आणलेली का असावी? लुथेरनांनंतर प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, क्वेकर आणि इतर पंथही या उपक्रमात आले. भागीदार संस्थेला प्रत्येक पौंडामागे काही सेंट मिळत आणि ते शेतकऱ्यांच्या कामासाठी वापरले जात.

हळूहळू हजारो चर्चमंडळ्यांपर्यंत कॉफी गेली आणि जाहिरातीचा खर्च जवळजवळ शून्य. त्याहून मोठा लाभ म्हणजे ही माणसे नुसती ग्राहक राहिली नाहीत. टेबलापाशी उभे राहून ती शेजाऱ्याला कोयोटे म्हणजे कोण, किमान भाव म्हणजे काय, हे सांगू लागली. पैशांअभावी हाती आलेली ही विक्रीची पद्धत पुढे कंपनीची ओळखच बनली. तिची दुसरी बाजू २०२०मध्ये दिसली. साथीच्या काळात चर्चची दालने आणि कार्यालये बंद झाली आणि खपाचा हा झरा आटला. घरपोच विक्री आणि किराणा दुकाने यांवर सावरून घ्यावे लागले.

दरम्यान कॉफीबरोबर चहा, कोको, चॉकलेट, केळी असा पसारा वाढत गेला. चहाच्या निमित्ताने कंपनीचा धागा आपल्या दार्जिलिंगलाही जुळला. तिथल्या पोटोंग मळ्यात कामगारांनाच मालकीत वाटा मिळाला आणि तिथला चहा या कंपनीने घेतला. संस्थापकांपैकी मायकेल रोझीन नव्वदीच्या दशकात बाहेर पडले आणि त्यांनी ‘रेड टोमॅटो’ ही संस्था काढून अमेरिकेतल्याच लहान शेतकऱ्यांचा माल बाजारपेठेत नेण्याचे काम हाती घेतले. डिकिन्सन मागे राहिले आणि सहकारी रॉब एव्हर्ट्स यांच्यासोबत त्यांनी दोन दशके कंपनीची धुरा वाहिली.

किवू सरोवराकाठी

कंपनीच्या अलीकडच्या कामातला सर्वांत बोलका भाग काँगोतला आहे. पूर्व काँगोत किवू सरोवराच्या काठच्या डोंगरांत उत्तम अरेबिका पिकते. पण यादवी युद्धांच्या काळात तिथली कॉफी धुण्याची केंद्रे, रस्ते, व्यापारी सगळे नाहीसे झाले. शेतकऱ्यांपुढे एकच वाट उरली. रात्रीच्या अंधारात लहान होड्यांत पोती भरून सरोवर ओलांडायचे आणि पलीकडे रुआंडात मिळेल त्या भावाला कॉफी टाकायची. सरोवरात अचानक वादळे उठतात. कितीतरी जण बुडाले आणि गावोगाव विधवा मागे उरल्या.

२००३मध्ये जोआकिम मुंगांगा यांनी या शेतकऱ्यांना एकत्र करून ‘सोपाक्दी’ ही सहकारी संस्था बांधली. वेगवेगळ्या जमातींची, एकेकाळी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे तिथे एका काट्यावर माल घालू लागली. कॉफी धुण्याचे केंद्र पुन्हा उभे राहिले आणि माल उजळ माथ्याने परदेशी जाऊ लागला. ‘इक्वल एक्स्चेंज’ने ही कॉफी घेतली आणि २०११मध्ये तिच्याभोवती ‘काँगो कॉफी प्रोजेक्ट’ सुरू केला. विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे एक डॉलर बुकावू शहरातल्या पांझी रुग्णालयाच्या कामाला देण्याचे ठरले. हे रुग्णालय डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९मध्ये सुरू केले. युद्धात बलात्काराला शस्त्र बनवले गेले. त्यातून वाचलेल्या हजारो स्त्रियांवर तिथे शस्त्रक्रिया आणि उपचार झाले. मुक्वेगे यांना २०१८मध्ये शांततेचे नोबेल मिळाले आणि जगाला पांझीचे नाव कळले. पण हा एक डॉलर त्याआधी सात वर्षे जात होता.

इथे दान आहे, पण त्याची जागा दुसरी आहे. पहिल्यांदा शेतकऱ्याच्या संस्थेला मालाचा पूर्ण भाव आणि वेळेवर पैसे. त्यानंतर गिऱ्हाइकाच्या खिशातून रुग्णालयाचा डॉलर. भावात काटछाट करून वर देणगीचा फलक लावण्याचा प्रकार नाही.

शिक्क्यावरून फाटाफूट

न्याय्य व्यापाराच्या अटी पाळून घेतलेल्या मालावरचा पहिला शिक्का नेदरलँड्समध्ये १९८८मध्ये ‘मॅक्स हावेलार’ या नावाने निघाला. त्यामागे ओआहाकातल्या आदिवासी शेतकऱ्यांची ‘उसीरी’ ही संस्था आणि तिच्यासोबत राहणारे डच पाद्री फ्रान्स व्हॅन डर होफ होते. त्यांची मागणी भिकेची नव्हती, भावाची होती. अमेरिकेत असा शिक्का नव्वदीच्या अखेरीस आला आणि तो घेणाऱ्या पहिल्या कंपन्यांत ‘इक्वल एक्स्चेंज’ होती. २०००मध्ये ‘स्टारबक्स’नेही शिक्क्याची कॉफी ठेवायला सुरुवात केली आणि चळवळ बाजारात शिरली.

बाजारात शिरल्यावर माल जास्त लागतो. २०११मध्ये अमेरिकेत शिक्का देणाऱ्या ‘फेअर ट्रेड यूएसए’ने न्याय्य व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी नाते तोडले आणि मोठ्या मळ्यांच्या कॉफीलाही शिक्का देण्याचे ठरवले. त्यांचा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. कॉफीतला सर्वांत गरीब माणूस म्हणजे भूमिहीन मजूर, तो मळ्यावर राबतो आणि लहान शेतकऱ्यांच्या संस्थांत त्याला जागा नसते, मग त्याला का वगळायचे? ‘इक्वल एक्स्चेंज’चे उत्तर असे, की मळेवाल्याकडे भांडवल, रस्ता, निर्यातीचा परवाना सगळे आधीच आहे. त्याच शिक्क्याखाली तो आला तर लहान शेतकऱ्यांच्या संस्था स्पर्धेत उभ्या राहू शकणार नाहीत, आणि ज्यांनी हा शिक्का निर्माण केला, तेच बाहेर फेकले जातील. कंपनीने जाहीर विरोध केला, त्या शिक्क्याची साथ सोडली आणि लॅटिन अमेरिकेतल्या लहान उत्पादकांनी स्वतः चालवलेल्या चिन्हाला पाठिंबा दिला.

मजुरांचा प्रश्न त्याने सुटला नाही. लहान शेतकरीही हंगामात मजूर लावतो, आणि त्या मजुराच्या हाती वाढीव भावातले फारसे काही पडत नाही. किमान भावाच्याही मर्यादा आहेत. संस्थेचा सगळा माल या भावाने खपत नाही. उरलेला बाजारभावाने द्यावा लागतो, म्हणून सभासदाला मिळणारी सरासरी खाली येते. २०१२-१३मध्ये मध्य अमेरिकेत तांबेऱ्याची रोगराई आली, झाडे पानांवाचून उभी राहिली आणि ग्वातेमालाला आणीबाणी जाहीर करावी लागली. पीकच हाती नसेल, तर चांगल्या भावाचा उपयोग काय? नवी रोपे लावायची तर तीन-चार वर्षे उत्पन्न नाही. त्या काळात खरेदीदाराने संस्थेची साथ सोडली नाही, रोपवाटिकांना पैसा उभा करून दिला, हीच खरी मदत. पण गरिबी संपली, असे कोणी म्हणणार नाही. चार दशकांनंतरही कॉफीचा शेतकरी गरीबच आहे. फरक एवढाच, की संस्थेचा सभासद असलेला शेतकरी आज भाव विचारू शकतो, नकार देऊ शकतो आणि पोराला शाळेत ठेवू शकतो.

आपल्यासाठी

‘इक्वल एक्स्चेंज’ आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या अनेक सहकारी संस्थांकडून माल घेते, आणि तिच्यावर अजूनही कोणत्याही बड्या कंपनीची पाटी लागलेली नाही. धंदा लहान ठेवूनही आपल्यापेक्षा मोठ्यांना प्रश्न विचारता येतात, हे तिने दाखवले.

आपल्याकडचे बहुतेक कॉफी उत्पादकही लहान शेतकरीच आहेत. कोडगूपासून अराकूच्या आदिवासी पाड्यांपर्यंत आणि महाराष्ट्रात चिखलदऱ्यापर्यंत कॉफी पिकते. पुण्या-मुंबईत कॉफी भाजून विकणारी छोटी दुकाने आता गल्लोगल्ली निघत आहेत आणि पाकिटावर शेतकऱ्याचा हसरा फोटो छापण्याची पद्धत रुळली आहे. फोटो जरूर पाहा, पण दुकानदाराला तीन प्रश्नही विचारा. या कॉफीचा भाव शेतकऱ्याशी कसा ठरला? हंगामाआधी त्याला काही रक्कम दिली का? आणि हा धंदा उद्या विकला गेला, तर त्या शेतकऱ्याचे काय होईल? पहिल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, तर तिथून कॉफी घ्या. तिसऱ्याचेही मिळाले, तर शेजाऱ्यालाही सांगा.